कोथरूडमध्ये खात्रीचा प्लंबर कसा शोधायचा?

कोथरूडची लेक
आई कोथरूडला एकटी असते, बिल्डिंग १९९२ ची, मी बंगळुरूला. महिन्यापूर्वी खालच्या काकूंच्या बाथरूमच्या छताला ओल आली, आता पोपडे पडतायत. कुणीतरी सांगितलेला प्लंबर आला, दोन मिनिटं वर बघितलं आणि म्हणे सगळी फरशी काढायची, वॉटरप्रूफिंगसकट ३५ हजार. आई घाबरली, ५ हजार अॅडव्हान्स देऊन बसली, आठ दिवस झाले तो फोनच उचलत नाहीये. पैशांचं जाऊ दे, पण आई काकूंपुढे ओशाळते, खाली गळू नये म्हणून अर्ध्या बादलीत आंघोळ उरकते, ते ऐकून मला इथे चैन पडत नाही हो. कुणी खात्रीचा आहे का? आणि योग्य रेट कसा कळणार?

जुना हार्डवेअरवाला
ताई, माणूस नंतर शोधा, आधी गळतंय कुठून ते बघू. नळाची लाइन गळत असेल तर वापरा न वापरा, चोवीस तास ठिबकतं. तुमच्या काळच्या बिल्डिंगमध्ये जीआय पाइप, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप असतात, आतून गंजतात. पण दोन दिवस बाथरूम न वापरता ओल कमी झाली तर नळाची लाइन नाही, सांडपाण्याची बाजू. मग नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे फरशीवरचं पाणी जिथून खाली जातं त्या जाळीखालच्या भांड्याच्या तोंडात कापडाचा बोळा घट्ट बसवा, फरशीवर दोन बोटं पाणी साठवून एक दिवस ठेवा, काकूंना आधी सांगून. ओल वाढली तर फरशीच्या सांध्यातून झिरपतंय, नाही वाढली तर ट्रॅपच्या जॉइंटवर संशय. हे न करता थेट फरशी फोडायला सांगतो त्याला मी तरी काम देणार नाही.

कर्वेनगर_बी_विंग
माणूस हवा तर सकाळी दुकान उघडायच्या वेळेला जवळच्या हार्डवेअरच्या दुकानात जायला सांगा, प्लंबर सामान न्यायला तिथेच येतात. मालकाला विचारायचं, तुमच्या स्वतःच्या घरचं काम कोण करतो? त्या माणसाची तिथे उधारी असते, त्यामुळे तो गायब होत नाही. सामान आपण बिल घेऊन आणायचं, मजुरी वेगळी, कामावर की रोजावर ते आधी ठरवायचं, मजुरीचा अॅडव्हान्स नाही. आमच्या सिंकच्या नळाला एकाने नवा नळ १८०० सांगितला होता, दुकानातून मिळालेल्याने नळ उघडला, जुना वॉशर माझ्या तळहातावर ठेवला, मधोमध चिरलेला, म्हणाला एवढंच झालंय. मजुरीसकट ३५० घेतले. तीन वर्षं तोच येतो.

कोथरूडची लेक
केलं सगळं! आई दोन दिवस शेजारी आंघोळीला गेली, ओल कमी झाली. मग बोळा लावून पाणी साठवलं, काकू खाली टॉर्च घेऊन बसल्या, काही नाही. बोळा काढला आणि तासाभरात थेंब. म्हणजे ट्रॅपच ना? दुकानातला माणूस शनिवारी येतोय.

जुना हार्डवेअरवाला
हो, ट्रॅपच. त्याला म्हणावं ट्रॅपभोवतीच्या चार-पाच फरशा फोड, बाकीला हात लावू नको. तेव्हाच्या फरशा आता जुळून मिळत नाहीत, थोडा वेगळा रंग चालेल का आईंना विचारून ठेवा. नवा ट्रॅप बसला की फरशी लावण्याआधी ट्रॅपमधून पाणी सोडून बघायचं, काकूंना टॉर्च घेऊन बसवायचं, आणि मगच पैसे.