इंग्रजीतील कॅपिटल अक्षर : व्याकरण की रूढी?

मूळ मत :
विशेषनामाचे पहिले अक्षर कॅपिटल आणि सामान्यनामाचे स्मॉल, हे व्याकरणाचा नियम म्हणून शिकवले जात असले, तरी माझ्या मते ती संपादकांनी आणि छापखान्यांनी रुळवलेली रूढी आहे. 'मंडे' आणि 'जून' कॅपिटल, मग 'समर' आणि 'विंटर' स्मॉल का? वार दर आठवड्याला येतो, तसा ऋतूही दरवर्षी येतो. १७८७ च्या अमेरिकी राज्यघटनेत साध्या सामान्यनामांनाही सर्रास कॅपिटल अक्षरे आढळतात. उलट, असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेने २०१६ पासून 'इंटरनेट' स्मॉल अक्षराने लिहायचे ठरवले. जाळे तेच राहिले, शैलीपुस्तिका (लेखनाचे नियम सांगणारी पुस्तिका) तेवढी बदलली.

प्रतिसाद १ :
असहमत. चार अपवाद दाखवून नियम मोडीत काढता येत नाही. 'माय मदर' यात 'मदर' स्मॉल असते, पण आईला नावाऐवजी 'मदर' अशी हाक मारली की तोच शब्द कॅपिटल होतो. 'प्रेसिडेंट लिंकन' यात पद नावाला जोडलेले असल्याने कॅपिटल, तर नुसते 'द प्रेसिडेंट' बऱ्याच शैलीपुस्तिका स्मॉल ठेवतात. म्हणजे शब्द वाक्यात कोणते काम करतो, यावर अक्षर ठरते आणि हे व्याकरणच आहे. इंटरनेटचे उदाहरण तर माझ्याच बाजूचे आहे : एका विशिष्ट जाळ्याचे नाव टेलिफोनसारखे सर्वसाधारण माध्यम झाले, म्हणून ते स्मॉल झाले.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर :
'मदर'चा मुद्दा मान्य. परंतु वाक्यातील कामच निर्णायक असते, तर फ्रेंचमध्ये वार, महिने आणि भाषांची नावे स्मॉल का? जर्मनमध्ये प्रत्येक नाम कॅपिटल असते. डॅनिशमध्येही तसेच होते, ते १९४८ च्या सुधारणेने बंद केले. त्यामुळे डॅनिश लोकांना विशेषनाम आणि सामान्यनाम यांतला फरक त्या वर्षी नव्याने समजला, असे कोणी म्हणणार नाही.

प्रतिसाद २ :
दोघेही नामांपुरतेच बोलत आहात. 'इंडियन' हे विशेषण असूनही कॅपिटल असते आणि गोंधळ नेमका तिथे होतो. न्यूटन हा शास्त्रज्ञ कॅपिटल, त्याच्या नावाचे एकक स्मॉल, आणि त्या एककाचे चिन्ह 'एन' पुन्हा कॅपिटल! शिवाय २०२० मध्ये असोसिएटेड प्रेसने वांशिक आणि सांस्कृतिक अर्थाने येणारा 'ब्लॅक' हा शब्द कॅपिटल अक्षराने लिहायचे ठरवले, ते एका समाजाची सामायिक ओळख मान्य करण्यासाठी. हा निर्णय व्याकरणाच्या खात्यात टाकता येत नाही, आणि त्याला छापखान्याची सवय म्हणणेही मला पटत नाही.