कोकण किनाऱ्याकिनाऱ्याने : तुमचे अनुभव लिहा

दिवाळीनंतर पुण्याहून निघून हरिहरेश्वर ते वेंगुर्ला असा बेत आहे. मुंबई-गोवा हायवे टाळून, सागरी रस्त्याने. बरोबर सासूबाई आणि दोन मुलं. जे जाऊन आलेत त्यांनी लिहा, फजितीसकट.

माझीच आधी सांगते. मागे दापोलीहून गुहागरला निघालो होतो. हर्णैला मासळीचा लिलाव बघण्यात वेळ गेला, मग जेवण, आणि दाभोळच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा शेवटची फेरी सुटून गेलेली. वाशिष्ठीच्या पलीकडे धोपाव्याचे दिवे इतके जवळ, की हाक मारली तर ऐकू जावी. गाडी वळवली. दापोली, खेड, चिपळूण करत गुहागरला पोचायला रात्रीचे दोन वाजले. घरमालकीण काकूंनी दार उघडलं, एक शब्द बोलल्या नाहीत, आमटी गरम करायला ठेवली. मला त्यापेक्षा ओरडा परवडला असता.

*

दाभोळ एकच नाही ताई. वर बागमांडला-वेश्वी आहे, खाली तवसाळ-जयगड. तिन्हीकडे जंगलजेटी (गाड्या खाडीपलीकडे नेणारी फेरीबोट), म्हणजे दिवसाचं गणित किलोमीटरवर नाही, फेरीवर बसवा. आणि नवरोबांना रिव्हर्सची सवय करून ठेवा. मला वेश्वीला गाडी उलटी चढवायला लावली होती. मागे उतार, खाली पाणी, आणि तीन माणसं एकाच वेळी "येऊ द्या, येऊ द्या" ओरडतायत. हँडब्रेक ओढल्यावर पाच मिनिटं स्टीअरिंग सोडवत नव्हतं.

*

आम्ही उलटे आलो होतो, वेंगुर्ल्याहून वर. आपल्याकडे गाडी डावीकडून चालते, त्यामुळे उत्तरेला येताना समुद्र आपल्याच बाजूला राहतो. वाटलं तिथे थांबा, रस्ता ओलांडायला नको. रत्नागिरी सोडून गणपतीपुळ्याकडे येताना आरे-वारेच्या चढावर हे चांगलंच कळतं. कुणकेश्वरला मात्र भर दुपारी जाऊ नका, पाय भाजतात.

*

जूनमध्ये मालवणला मासे खायला गेलेला शहाणा मीच. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, हे ताटात अंड्याची करी आल्यावर कळलं. (छान होती.) तुम्ही दिवाळीनंतर जाताय, तुमची काळजी नाही. फक्त घरगुती खानावळीत सकाळीच फोन करून माणसं सांगा. आयत्या वेळी गेलात तर नम्रपणे परत पाठवतात.

*

मुलं आहेत तर मार्चमध्ये का जात नाही? वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात. आमच्या पहिल्या संध्याकाळी अंड्यांच्या घरट्यावरची टोपली उचलली तर नुसती वाळू. मुलगी रुसली. दुसऱ्या सकाळी तीन निघाली, त्यातलं एक उलट गावाकडे चाललेलं. ते वळेपर्यंत सगळा किनारा श्वास रोखून उभा होता.

*

मी गुहागरकडचा. पाहुण्यांना एकच सांगणं, गाडी पुळणीवर घालू नका. ओहोटीला वाळू डांबरासारखी घट्ट दिसते, तुम्ही फोटो काढत बसता आणि चाक रुततं. मग आम्हाला दोर घेऊन धावावं लागतं. दर सुट्टीत एक तरी असतोच.

भरतीसाठी ॲप नको, कालनिर्णय पुरे. तिथीची पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. त्याच्या सहा तास आधी किंवा नंतर ओहोटी. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ओहोटीलाच करायची, तीही तिथल्या माणसाला विचारून. खडकावर माणसं वाहून गेलीत, हौस नाही ती.

*

सगळ्यांचे आभार. फेऱ्यांच्या वेळा फोन करून लिहून घेतल्या. हरिहरेश्वरला आमची वद्य चतुर्थी येतेय, म्हणजे तीनला भरती, सकाळी नऊला प्रदक्षिणा. हा हिशोब सासूबाईंना मोठ्या कौतुकाने सांगितला. त्या म्हणाल्या, "म्हणजे संकष्टी. सुरमई दुसऱ्या दिवशी."

बेत एक दिवस पुढे ढकललाय. पंचमीची पाऊणपट पावणेचार ना?