दोनदा मोजणी होतेच, पण…

एकाने विचारलंय की पक्षीगणनेत बेटाभोवती बोटीतून फिरताना तोच पक्षी दोनदा मोजला जात नाही का. जातो ना! आम्ही भुसावळकर, आमचा समुद्र म्हणजे हतनूरचं धरण, पण गोची तीच.

चांगदेवजवळ तापी-पूर्णेच्या संगमावर हिवाळ्यात भोईदादांच्या होडीतून मोजायला बसतो. वारकरी नावाच्या पाणपक्ष्यांचा (इंग्रजीत कूट) काळा थवा दिसला की आपण वही उघडतो, तोवर ते पाण्यावर पळत पळत उडतात आणि पुढच्या वळणावर जाऊन बसतात. तिथे पोचलो की पुन्हा तेच! पहिल्या वर्षी आमचा आकडा असा फुगला की लाज वाटली. आता दादा लांबूनच इंजिन बंद करून वल्ह्यावर येतात आणि थवा कुठे गेला ते दुसरा माणूस लिहितो.

समुद्रात उडते पक्षी बोटीपेक्षा वेगवान, म्हणून सतत मोजत राहिलं तर संख्या भलतीच वाढते. त्यावर उपाय म्हणजे ठरावीक वेळाने फोटो काढल्यासारखं त्या क्षणाला बोटीलगतच्या ठरवलेल्या पट्ट्यात असलेलेच पक्षी धरायचे. बोटीमागे लागलेले तर सोडूनच द्यायचे.

अंदमानातल्या खाऱ्या पाण्यातल्या मगरींचं वेगळंच. त्या रात्री बॅटरी मारून चमकणाऱ्या डोळ्यांवरून मोजतात. बुडी मारलेली मगर हिशेबातच येत नाही, म्हणजे तिथे आकडा कमीच भरणार.

कॅमेरा विकत घेण्याआधी होडीवाल्याशी दोस्ती करा, एवढंच सांगेन. आणि हो, वहीला प्लास्टिकची पिशवी.