जुनी टाटा १५१० : ७४ च्या पुढे जात नाही, वेग कसा वाढवावा?

फिरती_प्रयोगशाळा
नमस्कार मंडळी. आमच्या संस्थेची १९९७ ची टाटा १५१० बस आहे. बाकडी काढून फिरती विज्ञान प्रयोगशाळा केली आहे, आरसीवर तशी नोंद आहे. इंजिन ६९७, बिनटर्बोचं. गिअरबॉक्स पाच गिअरचा जीबीएस-४०, टायर ९.००-२०. सामान-माणसांसकट काट्यावर वजन १० टन भरलं. टपावर कॅरिअर आहे. आरपीएम (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या) दाखवणारं मीटर नाही.

सपाट हायवेला जीपीएसवर ताशी ७४ किमी दिसतात, त्यापुढे जात नाही आणि इंजिन नुसतं किंचाळतं. हलक्या उताराला सोडली तरी ७५-७६. काळा धूर जवळजवळ नाही. कधीमधी आंबा घाटातून रत्नागिरीकडे जाणं होतं. एक मिस्त्री म्हणतो डिझेल पंप खोलून डिझेल वाढवू, दुसरा म्हणतो १०.००-२० टायर टाका. आम्हाला शर्यत लावायची नाही, ७५ च्या आसपास इंजिनाला त्रास न होता गाडी चालावी एवढंच हवंय.

पाचवा_गिअर
दोन्ही मिस्त्रींना तूर्त थांबवा. उतारालासुद्धा गाडी ७६ च्या वर जात नाही, यातच निम्मं उत्तर आहे. इंजिन अशक्त असतं तर चढाला मेली असती आणि उताराला सहज ८०-८५ गेली असती. इथे गव्हर्नर (पंपातला, आरपीएमला मर्यादा घालणारा भाग) डिझेल तोडतोय, म्हणजे इंजिन त्याच्या कमाल आरपीएमला पोचलंय.

हिशेब असा: वेग = आरपीएम × टायरचा घेर (मीटर) × ०.०६ ÷ डिफ्रन्शियलचा रेशो (मागच्या ॲक्सलमधल्या गिअरांमुळे चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या किती फेऱ्या होतात तो आकडा). पाचवा गिअर डायरेक्ट आहे (इंजिन आणि शाफ्ट एकाच गतीने फिरतात), त्यामुळे गिअरबॉक्सचा रेशो १ धरा. ९.००-२० चा लोडखालचा घेर ३.०८ मीटरच्या जवळपास भरतो. तुमचा स्वतः मोजा: टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा, चाकाची एक पूर्ण फेरी होईपर्यंत गाडी सरळ ढकला, टेप लावा. २८०० आरपीएम धरले (तुमच्या मॅन्युअलमधला आकडा वेगळा असेल तर तो घाला) तर ६.८३ च्या डिफ्रन्शियलवर ७५-७६ येतात. जीपीएस तेच सांगतोय. माझ्या मते तुमच्या गाडीत ४१/६ चा क्राऊन-पिनियन (डिफ्रन्शियलमधला मोठा गिअर ४१ दातांचा, त्याला फिरवणारा छोटा ६ दातांचा) आहे.

खात्री करून घ्या. सपाट जागी गाडी न्यूट्रल, पुढच्या चाकांना आणि मागच्या एका बाजूला दोन्हीकडून लाकडी ठोकळे. हँडब्रेक सोडावा लागतो, म्हणून ठोकळे पक्केच हवेत. दुसऱ्या बाजूची जोडी जॅकने उचलून ॲक्सलखाली घोडी (पक्का स्टँड) लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. प्रॉपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंतच्या दांड्यावर) खूण करा. उचललेलं चाक बरोबर दोन फेऱ्या फिरवा आणि शाफ्टच्या फेऱ्या मोजा. एक चाक जमिनीवर अडलेलं असल्यामुळे चाकाच्या दोन फेऱ्यांना क्राऊन एकदा फिरतो. सातला थोडं कमी आलं तर ६.८३, सहाला थोडं कमी आलं तर ५.८६ (४१/७), सव्वापाचच्या आसपास थांबलं तर ५.२९ (३७/७).

नोझल_टेस्टर
पंपाबद्दल लिहितो, कारण सर्वात जास्त इंजिनं तिथेच मरतात. पंपावर दोन वेगळ्या सेटिंग असतात: एक कमाल डिझेलची, दुसरी कमाल आरपीएमची. दोन्हींना सील असतं आणि दोन्ही टेस्ट बेंचवरच लावायच्या असतात.

डिझेल वाढवलं तरी बिनटर्बोच्या इंजिनात हवा तेवढीच जाते. जास्तीचं डिझेल काळा धूर होऊन बाहेर पडतं, एक्झॉस्टचं तापमान चढतं, पिस्टनचं डोकं आणि व्हॉल्व्ह जळतात. पीयूसीही मिळणार नाही. आणि तुमची गाडी गव्हर्नरवर अडलीय, म्हणजे इतकं करून कमाल वेग तसूभर वाढणार नाही.

आरपीएमचा स्क्रू फिरवला तर वेग वाढतो, पण काय किमतीला ते बघा. ६९७ चा स्ट्रोक १२८ मिमी. २८०० वर पिस्टनची सरासरी गती सेकंदाला १२ मीटर, आधीच भरपूर. ३२०० केले तर कनेक्टिंग रॉडच्या बोल्टवर येणारा ओढा गतीच्या वर्गाने, म्हणजे ३० टक्क्यांनी वाढतो. व्हॉल्व्ह स्प्रिंग मागे पडतात, पिस्टन व्हॉल्व्हला चाटतो. घाट उतरताना चुकून खालचा गिअर पडला तर उरलीसुरली सुरक्षितताही संपली.

फिरती_प्रयोगशाळा
पाचवा_गिअर, तुम्ही सांगितल्याप्रमाणे मोजलं. शाफ्टच्या फेऱ्या सातला साधारण एक-षष्ठांश कमी. म्हणजे ६.८३ नक्की. आता ५.८६ घ्यावा की ५.२९? इंजिनाला तेवढा जोर आहे का? आणि टायरचं काय?

घाटमाथा
५.८६ घ्या. कारण आकड्यांत सांगतो.

१० टनाची चौकोनी तोंडाची बस सपाटीला ६५ ने न्यायला इंजिनाची अंदाजे ५० अश्वशक्ती लागते, ८० ला ७८ आणि १०० ला १३० च्या आसपास. ६० च्या पुढे मुख्य लढाई हवेशी असते आणि तिची ताकद वेगाच्या घनाने वाढते. तुमचं इंजिन शंभरीच्या आसपासचं, म्हणजे ८० पर्यंत सपाटीला आरामात, त्यापुढे नाही. २ टक्के चढ आला तर ८० ला आणखी ६५-७० अश्वशक्ती हवी, ती नाहीच. चौथा टाकावा लागणार. हे ६.८३ वरही होतंच, ५.८६ वर जरा लवकर होईल.

५.८६ वर ७५ चा वेग २४०० आरपीएमच्या आत येतो, आज त्याला २७७० लागतात. फरक कानाला लगेच कळेल, डिझेलही वाचेल. प्रत्येक गिअरमधली ओढ मात्र १४ टक्क्यांनी घटते. घाटात थांबून पुन्हा उचलताना क्लच जास्त घासेल, म्हणून उचल नेहमी पहिल्यातच. घाट उतरतानाही त्याच गिअरमध्ये इंजिनाचा ब्रेक कमी लागेल, एक गिअर खाली ठेवायची सवय करा. ५.२९ ला ओढ २३ टक्के घटते. आंबा घाट करणाऱ्या बिनटर्बो गाडीला ते घालू नये.

१०.००-२० टायरने जेमतेम ४ टक्के वेग मिळतो, ७४ चे ७७. त्यासाठी ७.५ इंची रिम, मागच्या जोडीतलं अंतर, स्प्रिंगच्या पाट्यांपासूनची जागा, आरसीवरची टायरची साइज, सगळं बदलायचं. खर्चाच्या मानाने काही हाती लागत नाही. टपावरचा रिकामा कॅरिअर काढून टाकलात तर त्याने इंजिनाचा भार फुकटात हलका होईल.

क्राऊनवाला
बसवायच्या कामाचं मी सांगतो.

क्राऊन आणि पिनियन जोडीनेच घ्यायचे. कारखान्यात एकमेकांवर घासून बसवलेले असतात, दोघांवर जोडीचा नंबर कोरलेला असतो. वेगवेगळ्या जोड्यांतले उचललेत तर आवाज करत रडणारच, आणि काही हजार किलोमीटरांत दात जातील. भंगार बाजारातून घेणार असाल तर अख्खा गोळा (आतल्या सांगाड्यासकट डिफ्रन्शियल) घ्या, पण आधी आपल्याच ॲक्सल मॉडेलचा आहे का, ॲक्सल शाफ्टच्या स्प्लाइन (टोकाच्या खाचा) आणि पिनियनची फ्लँज (शाफ्ट जोडायची चकती) जुळते का ते तपासा. दाताच्या टोकाला खड्डे किंवा निळसर जळका रंग दिसला तर सोडून द्या.

नवी जोडी बसवताना पिनियनची बेअरिंग नवीच. क्रम पाळा: आधी पिनियनची खोली शिमने (पातळ चकत्यांनी), मग बेअरिंगचा प्रीलोड (आधीच दिलेला घट्टपणा), मग क्राऊनचा बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) डायल गेजने. बॅकलॅश ०.२ ते ०.३ मिमीच्या पट्ट्यात असतो, नेमका आकडा मॅन्युअलचा. शेवटी दातांना मार्किंग ब्लू लावून फिरवा. ठसा दाताच्या मध्यावर, आतल्या टोकाकडे किंचित झुकलेला हवा. दाताच्या माथ्यावर आला तर पिनियन आत घ्यायचा, बुडाशी आला तर बाहेर. पार आतल्या टोकाला आला तर क्राऊन लांब न्या, बाहेरच्या टोकाला आला तर जवळ आणा. ‘गाडी चालली की बसेल’ म्हणणाऱ्या मिस्त्रीकडे हे काम देऊ नका.

ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचं. पहिले काही शे किलोमीटर ५०-६० ने, घाट टाळून, मध्ये एकदा थांबून गोळ्याला हात लावून बघा. हात ठेववत नसेल तर प्रीलोड घट्ट झालाय. नंतर ते ऑइल काढून नवीन भरा. शाफ्ट उघडलाच आहे तर शाफ्टच्या सांध्यांचे क्रॉस आणि सेंटर बेअरिंग पाहून घ्या, आणि जोडताना शाफ्टच्या दोन टोकांचे योक (सांध्याचे चिमटे) एका रेषेत ठेवा, नाहीतर थरथर येईल.

पाचवा_गिअर
एक गोष्ट कोणी लिहिली नाही आणि ती महत्त्वाची आहे. स्पीडोमीटर गिअरबॉक्सच्या मागच्या बाजूने फिरतो. क्राऊन बदलल्यावर खरा वेग ८० असेल तेव्हा काटा ६८-६९ दाखवेल. स्पीड गव्हर्नर (गाडीच्या वेगाला मर्यादा घालणारं वेगळं यंत्र, पंपातला नव्हे) तिथूनच सिग्नल घेत असेल तर ८० चा म्हणून लावलेला तो प्रत्यक्षात ९३ ला तोडेल. स्पीडोमीटरचा गिअर बदला किंवा ॲडॅप्टर लावा आणि गव्हर्नर अधिकृत वितरकाकडून पुन्हा कॅलिब्रेट करून सर्टिफिकेट घ्या. रेशो कंपनीने त्या मॉडेलला दिलेल्यांपैकीच ठेवा आणि काम करण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

नोझल_टेस्टर
गोळा उघडण्याआधी फुकटातल्या तपासण्या करा, कारण नवा रेशो इंजिनाकडून जास्त ओढ मागेल. एकाने पेडल पूर्ण दाबायचं, दुसऱ्याने पंपाचा लिव्हर शेवटच्या स्टॉपला टेकतो का पाहायचं. एक्झॉस्ट ब्रेकची फुलपाखरी झडप पूर्ण उघडते का ते बघा. कार्बनने अर्धी अडकलेली असली तर इंजिन आतल्या आत गुदमरतं. एअर क्लीनर, दोन्ही डिझेल फिल्टर, फीड पंपाची जाळी, टाकीच्या झाकणाचं श्वासछिद्र. वीसेक किलोमीटर चालवून, शक्यतो ब्रेक न मारता थांबा आणि चारही ड्रमना हात लावा. एकच गरम असेल तर ब्रेक धरतोय.

६५ वरून ८० ला गेलात की थांबवायची ऊर्जा दीडपट होते. ब्रेकचे लायनर, स्लॅक ॲडजस्टर (ब्रेकची ढिलाई काढणारा लिव्हर), पुढच्या चाकांचे किंगपिन (चाक वळवणाऱ्या खिळी) आधी नीट करा. पुढच्या चाकांना रिमोल्ड टायर नको.