जाळी बारीक झाली, पण पडताळणीचे काय?
‘महासंगणकावर खर्च वाढवला की पावसाचा अंदाज आपोआप सुधारेल’ हे मत मला अर्धेच पटते. 2025 मध्ये हवामान खात्याचे ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ हे नवे प्रारूप (हवामानाचे गणित मांडणारी संगणकप्रणाली) आधीच्या 12 ऐवजी 6 किलोमीटरच्या जाळीवर आले, म्हणजे नकाशाचे सुमारे 6 किलोमीटरचे तुकडे पाडून अंदाज काढू लागले, आणि घाटातील पावसासाठी ती बारकाई हवीच होती. मात्र बारीक जाळीच्या प्रारूपाने जोरदार सर नेमकी ओळखली, पण ती शेजारच्या खोऱ्यात दाखवली, तर ठिकाणानुसार पडताळणी करताना त्याला दुहेरी दंड बसतो: पडला तिथे अंदाज हुकला आणि सांगितला तिथे कोरडे गेले. उलट, सगळीकडे मध्यम पाऊस पसरवणारे ढोबळ प्रारूप कागदावर सरस ठरू शकते (आणि निधी मागताना कागदच पुढे केला जातो). म्हणून बिंदूऐवजी परिसर धरून तुलना करण्याच्या पद्धती निघाल्या. पण त्यांना दाट पर्जन्यमापके लागतात. महाबळेश्वर आणि वाई यांच्यात हवाई अंतर वीस-पंचवीस किलोमीटरचे, तरी वार्षिक पावसात कित्येक पटींचा फरक! मधल्या उतारावर मोजणीच नसेल, तर प्रारूप कुठे चुकले हे ठरवायचे कशावरून? 2024 मध्ये मंजूर झालेल्या, हवामान अंदाज सुधारण्यासाठीच्या केंद्राच्या ‘मिशन मौसम’ योजनेच्या 2,000 कोटींतून मापकांच्या देखभालीसाठी आणि पडताळणीसाठी वेगळी तरतूद दाखवावी, असे माझे मत आहे.