आईची शुगर कधी ३२०, कधी ५८, नक्की चुकतंय कुठे?

लेक_बार्शीची:
नमस्कार मंडळी. आई ६३ वर्षांची, बार्शीजवळ गावी एकटी असते, मी पुण्यात. डायबेटिस चौदा वर्षं, दीड वर्षापासून इन्सुलिन चालू, ते ३०/७० वालं, दोन प्रकारचं मिसळलेलं, सकाळी ३० युनिट आणि संध्याकाळी २०. तरी सकाळची उपाशीपोटीची शुगर कधी ३२० आणि मागच्या आठवड्यात पहाटे एकदम ५८, घामाघूम झाली, हातपाय थरथर, शेजारच्या काकूंनी साखरपाणी दिलं म्हणून निभावलं. एचबीए१सी, म्हणजे ती तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, १०.२. डॉक्टर चांगलेत हो पण गर्दी एवढी की दोन मिनिटं मिळतात, रिपोर्ट बघतात, गोड खाता का विचारतात, डोस वाढवतात, चला पुढचा. घरात सगळे आईलाच बोलतात की तूच चोरून खातेस. ती म्हणते नाही गं खात. आता मलाच शंका यायला लागलीये आणि त्याचंच जास्त वाईट वाटतंय.

गोडघाशा:
आई उपास करतात का? माझा एकादशीला कायम घोळ व्हायचा. इन्सुलिन पूर्ण घ्यायचो आणि पोटात नुसता चहा, दुपारी डोळ्यापुढे अंधारी, मग रात्री साबुदाण्याची खिचडी हाणली की ३०० पार. डाएट पाळा म्हणाले होते, मला वाटलं उपासापेक्षा कडक डाएट कुठलं असणार!!

हिरवा_पाला:
इन्सुलिनची सवय लागते, बंद करा. कारलं-जांभूळ रस रोज उपाशीपोटी, माझा साडू बरा झाला.

ओपीडीतली_सिस्टर:
हिरवा पाला, प्लीज, एचबीए१सी १० असलेल्या बाईला असलं काही सांगू नका, जिवावर बेतेल.

लेक, मी बरीच वर्षं डायबेटिसच्या ओपीडीत काढलीत. पेशंटला समजलं का विचारलं की सगळे मान हलवतात, म्हणून ते विचारणंच मी सोडलं. मावशी, घरी कसं घेता ते करून दाखवा म्हणायचे, मग एकेक बाहेर पडायचं. एक काका पेनच्या सुईचं आतलं टोपण न काढताच टोचत होते, औषध सगळं बनियनवर. कुणी वर्षभर बेंबीशेजारी एकाच जागी टोचतं, तिथे गाठ येते आणि त्या गाठीतून इन्सुलिन कधी लागू होतं कधी नाही. ३०/७० गढूळ असतं, हलक्या हाताने तळव्यांत फिरवून एकसारखं करावं लागतं, तेही कितीजण करतात.

आणि मुख्य, सिरिंज बघा. बाटलीवर ४० लिहिलेलं असेल, म्हणजे एका मिलीत ४० युनिट, तर लाल टोपणाचीच हवी. केशरी टोपणाची असते ती १०० च्या बाटलीसाठी, तिच्यात हे ४० वालं २० च्या रेघेपर्यंत भरलं की जातात फक्त ८ युनिट.

व्हिडिओ कॉल लावा, मधे बोलू नका, नुसतं बघा.

गोडघाशा:
ही टोपणाची भानगड मला आत्ता कळतेय 😳

लेक_बार्शीची:
सिस्टर, कॉल केला. डब्यात दोन्ही रंगाच्या सिरिंजा!! मेडिकलवाला जी असेल ती देतो आणि आई एकच सिरिंज चार-पाच दिवस वापरते. म्हणजे केशरी असली की शुगर चढणार, ते बघून डॉक्टर डोस वाढवणार आणि मग लाल हातात आली की पूर्ण डोस जाऊन धाडकन खाली. शिवाय पोटावर डावीकडे लिंबाएवढी गाठ. आता सगळ्या लाल आणून देऊ का?

ओपीडीतली_सिस्टर:
थांबा, आधी डॉक्टरांना फोन. वाढवलेले डोस अर्धवट इन्सुलिनवर ठरलेत, आता रोज पूर्ण गेलं आणि तेही गाठ सोडून चांगल्या जागी, तर पुन्हा ५८ होईल. जाताना बाटली, सिरिंजा, डायरी सगळं पिशवीत घालून न्या. आणि शुगर ७० च्या खाली गेली की तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं, शुद्धीवर नसेल तर मात्र तोंडात काहीच घालायचं नाही हे काकूंना नक्की सांगा.

लेक_बार्शीची:
जाऊन आलो. डॉक्टरांनी सिरिंजा हातात घेऊन बघितल्या, दोन मिनिटं काही बोललेच नाहीत, मग डोस बराच कमी केला आणि आईकडून स्वतःसमोर एकदा भरून घेतलं. आता रोज रात्री आई मला बाटली आणि टोपणाचा फोटो पाठवते. तिला सॉरी म्हटलं तर म्हणाली, मला राहू दे, आधी तुझ्या मामाला फोन कर, गावभर सांगून आलाय मी पेढे चोरते म्हणून.