सायक्लोहेक्झॅनॉलपासून सायक्लोहेक्झीन: उतारा कमी, द्रव गढूळ आणि ब्रोमीन चाचणीची शंका

प्रश्न

२० मिली सायक्लोहेक्झॅनॉल, ५ मिली ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल, पोर्सिलेनचे दोन-तीन तुकडे, साधं डिस्टिलेशन (तापवून निघालेली वाफ थंड करून गोळा करणं). वरचा थर्मामीटर बहुतेक वेळ ९५ ते १०० अंश सेल्सिअस दाखवत होता. शेवटी ७ ग्रॅम द्रव मिळाला, तोही गढूळ. ब्रोमीन वॉटरचा रंग लगेच गेला, तेवढ्यावरून दुहेरी बंध सिद्ध झाला असं धरायचं का? आणि फॉस्फोरिकऐवजी संहत सल्फ्युरिक आम्ल घेतलं तर उतारा (हाती येणारं उत्पादन) वाढेल का?

प्रतिसाद १

आधी हिशेब. २० मिली म्हणजे सुमारे १९.२ ग्रॅम, ०.१९२ मोल. सायक्लोहेक्झीनचा रेणुभार ८२, म्हणून पूर्ण रूपांतर झालं तर १५.८ ग्रॅम मिळायला हवं. तुमचे ७ ग्रॅम म्हणजे ४४ टक्के. त्यात पाणी आणि अल्कोहोलही आहे, तेव्हा खरा आकडा आणखी खाली.

गोम तापमानात आहे. आम्लाचा प्रोटॉन हायड्रॉक्सिल गटाला चिकटतो, पाण्याचा रेणू सुटतो, कार्बोकॅटायन (धनभारित कार्बन असलेला आयन) उरतो आणि शेजारच्या कार्बनवरचा प्रोटॉन निघाला की दुहेरी बंध तयार होतो. यातली प्रत्येक पायरी उलट फिरू शकते. त्यामुळे अल्कीन (दुहेरी बंधाचं हायड्रोकार्बन, इथे सायक्लोहेक्झीन) तयार होईल तसं भांड्याबाहेर काढत राहावं लागतं. सायक्लोहेक्झीन एकटं ८३ अंशांना उकळतं, पाण्यासोबत ७१ च्या सुमारास. सायक्लोहेक्झॅनॉलचा उत्कलनांक १६१, म्हणून ते मागेच राहील असं वाटतं. पण पाण्यासोबत तेही ९८ च्या आसपास निघून येतं! तुमच्याकडे नेमकं तेच झालं: अभिक्रिया व्हायच्या आधीच कच्चा माल पलीकडे गेला.

फ्लास्क आणि कंडेन्सर यांच्यामध्ये फ्रॅक्शनेटिंग कॉलम (जास्त उत्कलनांकाची वाफ थंड करून परत खाली पाठवणारी उभी नळी) बसवा. आच इतकी मंद ठेवा की वरचं तापमान ८५ च्या पुढे जाणार नाही आणि सेकंदाला एकाहून जास्त थेंब पडणार नाही. ज्या फ्लास्कमध्ये द्रव गोळा होतो तो बर्फाच्या पाण्यात ठेवा. भांड्यात ५-६ मिली उरलं की थांबा.

दोन बारीक गोष्टी. सायक्लोहेक्झॅनॉल घट्ट असतं, मोजपात्राला बरंच चिकटून राहतं. ते थेट फ्लास्कमध्येच वजन करून घ्या. आणि तापवण्याआधी आम्ल नीट हलवून मिसळा, नाहीतर तळाशी आम्लाचा वेगळा थर राहतो आणि तिथे मिश्रण काळं पडतं.

प्रतिसाद २

सल्फ्युरिक आम्ल घेऊ नका. अभिक्रिया वेगाने होते हे खरं, पण ते ऑक्सिडीकारकही आहे. सेंद्रिय पदार्थ जळून डांबरासारखा गाळ होतो, अल्कीनचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि सल्फर डायऑक्साइड सुटतो. हा वायू तुमच्या द्रवात विरघळला तर तोच ब्रोमीनचं क्षपण करून रंग घालवतो. म्हणजे अल्कीन नसतानाही चाचणी ‘होकारार्थी’ येईल. फॉस्फोरिक आम्लात हा धोका नाही.

तुमच्या चाचणीबद्दल: रंग लगेच गेला ही चांगली खूण आहे, पण तुलनेसाठी शुद्ध सायक्लोहेक्झेनची (दुहेरी बंध नसलेलं हायड्रोकार्बन, म्हणजे अल्केन) नळी शेजारी हवीच. दोन्ही नळ्या उजेडापासून दूर ठेवा, कारण प्रकाशात अल्केनसुद्धा ब्रोमीनशी प्रतिस्थापन करतं. तेव्हा हायड्रोजन ब्रोमाइड सुटतो आणि नळीच्या तोंडाशी धरलेला ओला निळा लिटमस लाल होतो. नळी जोरात हलवा. अल्केन असेल तर ब्रोमीन नुसतं वरच्या थरात जातं, पाण्याचा रंग फिका पडतो आणि घाईत पाहणारा फसतो.

जोडीला थंड, १ टक्का पोटॅशियम परमँगनेटची चाचणी करा: जांभळा रंग जाऊन तपकिरी साका दिसायला हवा. मात्र अल्डिहाइडही हाच परिणाम देतात, म्हणून एकट्या परमँगनेटवर निकाल देऊ नये.

प्रश्नकर्ता

कॉलम लावला तर निदान २ मिली त्यातच अडकेल ना? आणि गढूळपणाचं काय?

प्रतिसाद १

अडकतं, आणि एवढ्या लहान प्रमाणावर ते परवडत नाही. शेवटी फ्लास्क थोडा थंड करून त्यात १० मिली टोल्युईन घाला आणि पुन्हा तापवा. त्याची वाफ कॉलममधलं सायक्लोहेक्झीन पुढे ढकलते. टोल्युईनचा उत्कलनांक १११ असल्यामुळे दुसऱ्या डिस्टिलेशनमध्ये ते सहज वेगळं होतं.

गढूळपणा पाण्याचा आहे. सेपरेटिंग फनेलमध्ये आधी मिठाच्या संपृक्त द्रावणाने धुवा, मग १० टक्के सोडियम कार्बोनेटने. इथे कार्बन डायऑक्साइड सुटतो, कॉक वारंवार उघडून दाब काढा. सायक्लोहेक्झीनची घनता ०.८१, म्हणजे तुमचा थर वरचा. तो निर्जल कॅल्शियम क्लोराइडवर १५ मिनिटं ठेवा. मॅग्नेशियम सल्फेटपेक्षा इथे हेच बरं, कारण ते पाण्याबरोबर उरलेलं अल्कोहोलही धरून ठेवतं. द्रव काचेसारखा स्वच्छ दिसला की गाळा; कॅल्शियम क्लोराइडसकट तापवलंत तर शोषलेलं पाणी परत सुटेल.

दुसऱ्या डिस्टिलेशनला सगळी काच कोरडी हवी. ८० ते ८५ चा भागच वेगळा ठेवा. ८० च्या खाली बरंच काही आलं तर सुकवणं कच्चं राहिलंय, पुन्हा सुकवा.

प्रतिसाद ३

एक भर: हा द्रव शून्याखालच्या तापमानालाही पेटू शकतो. उघडी ज्योत नको, हेटिंग मँटल किंवा गरम पाण्याचं पात्र (वॉटर बाथ) वापरा. उरलेला माल गडद बाटलीत, थंड जागी ठेवा. दुहेरी बंधाशेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन सैल असतो, तिथे हवेतला ऑक्सिजन शिरून पेरॉक्साइड (तापवल्यावर स्फोट होऊ शकणारी संयुगं) बनतात. जुनी बाटली डिस्टिल करण्याआधी आम्लयुक्त पोटॅशियम आयोडाइडने तपासा. पिवळा-तपकिरी रंग आला तर ती तापवू नका.